वाढता कारखाना आणि वर न पोचणारा निरोप



काल याच व्यासपीठावर आपण संतवाङ्मयावरील व्याख्यान ऐकलेत, उद्या नाट्यसंगीताचा विषय आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आज चिटणिसांनी माझ्यासारख्या भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला उभे केले आहे. मी त्यांना म्हटले, "अहो, मला बोलायची सवय नाही. फाउंड्रीत इतका गोंगाट असतो की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलतो." त्यावर ते म्हणाले, "मग त्यावरच बोला. कारखान्यात माणसे एकमेकांशी बोलतात कशी, यावर." चिटणीस थट्टेने बोलले असतील, मी मात्र तो विषय गंभीरपणे घेऊन आलो आहे. कारण एका न बोललेल्या वाक्यापायी काय होते ते मी पाहिले आहे, आणि ते वाक्य गिळणारा माणूस मीच होतो.

ते पुढे सांगेन. आधी कारखाना कसा होता ते ऐका.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत मी लागलो तेव्हा आम्ही सारे मिळून चौदा माणसे होतो. फाउंड्री म्हणजे ओतशाळा. लोखंड वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे, थंड झाले की साचा फोडून आतले कास्टिंग काढायचे. मालक स्वतः सकाळी साडेसातला येत, कोट खुंटीला अडकवीत आणि भट्टीपाशी उभे राहत. दुपारी डबे एकत्र सुटत. मालकांच्या डब्यातली भाजी मोल्डरच्या ताटात जाई आणि मोल्डरचा ठेचा मालकांच्या. त्या अर्ध्या तासात कारखान्याचे सारे राज्य चाले. कोणता माल अडला, कोणत्या गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणत्या लेथचा पट्टा घसरतो आहे, हे चौदाही जणांना ठाऊक असे. त्याला आम्ही काही नाव दिलेले नव्हते. श्वास घेण्याला कोणी नाव देते काय?

मग कारखाना वाढला. पंपाच्या मोठ्या कारखान्याचे काम मिळाले, दुसरी भट्टी आली, मशीन-शॉप आले, दोन पाळ्या सुरू झाल्या. पाचसहा वर्षांत आम्ही साठ झालो आणि आणखी काही वर्षांनी तीनशेच्या घरात गेलो. वाढ ही आनंदाचीच गोष्ट. मी तिच्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही, कारण त्या वाढीवरच माझा संसार उभा राहिला. पण वाढीत एक गणित दडलेले असते आणि ते कोणी सांगत नाही.

चौदा माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात? एक्क्याण्णव. रोज डबा एकत्र खाणाऱ्या चौदा माणसांना एक्क्याण्णव नाती सांभाळणे कठीण जात नाही. साठ माणसे झाली की जोड्या होतात सतराशे सत्तर. तीनशे झाली की चव्वेचाळीस हजार आठशे पन्नास! माणसे वाढली एकवीसपट आणि जोड्या वाढल्या जवळजवळ पाचशेपट. हे गणित मी शोधलेले नाही; शाळेतल्या बीजगणितातलेच आहे. फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९७५ साली एका पुस्तकात ते कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरले. हे गृहस्थ आय. बी. एम. कंपनीत एका प्रचंड कामाचे प्रमुख होते. संगणकाचा कार्यक्रम लिहिण्याचे ते काम रेंगाळले होते. त्यांचा अनुभव असा की, रेंगाळलेल्या अशा कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रेंगाळते, कारण नव्यांना समजावून सांगण्यात आणि एकमेकांचा मेळ घालण्यातच जुन्यांचा दिवस जातो. लग्नघरात आचाऱ्याच्या मदतीला ऐनवेळी दहा नातेवाईक घुसले म्हणजे जेवण लवकर होते की उशिरा, हे येथे बसलेल्या माताभगिनींना मी सांगायला नको.

तेव्हा तीनशे माणसांनी एकमेकांशी बोलणे अशक्य होते, आणि म्हणून शिडी येते. मोल्डरवर मुकादम, मुकादमावर सुपरवायझर, त्यावर फोरमन, त्यावर वर्क्स मॅनेजर, आणि सर्वांत वर काचेच्या खोलीत मालक. या शिडीला नावे ठेवण्याची फॅशन आहे; मी ठेवणार नाही. शिडीवाचून तीनशे माणसांचा पगारसुद्धा वेळेवर होणार नाही. पण शिडीवरून निरोप खाली उतरतो एका रीतीने आणि वर चढतो अगदी निराळ्या रीतीने, एवढे मात्र मला फार उशिरा कळले.

खाली उतरणाऱ्या निरोपाचे मी थोडक्यात आटोपतो. तो उतरतो भराभर, पण उतरताना त्याचे डोळे वरच राहतात. इतिहासातला दाखला म्हणजे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात झालेली बालाक्लावाची लढाई. सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर होता. शत्रू आपल्या काही तोफा ओढून नेत आहे असे त्याला वरून स्वच्छ दिसत होते. त्याने हुकूम पाठवला की, घोडदळाने पुढे जाऊन तोफा नेऊ देऊ नयेत. खाली खोऱ्यात लॉर्ड ल्यूकन उभा होता. मधल्या चढामुळे त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. दिसत होत्या त्या खोऱ्याच्या टोकाला रोखून ठेवलेल्या रशियन तोफा. कोणत्या तोफा म्हणून विचारले, तर हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने नुसता हात हलवून दिशा दाखवली. सुमारे पावणेसातशे स्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले. हुकुमातला प्रत्येक शब्द बरोबर होता. फक्त लिहिणारा टेकडीवर होता आणि वाचणारा खोऱ्यात. आमच्या नोटीस-बोर्डावर लागणाऱ्या कागदांचेही असेच असे. 'उत्पादनक्षमतेच्या दृष्टीने आवश्यक ते फेरबदल तात्काळ अमलात यावेत' असा कागद एकदा लागला. त्याचा अर्थ 'उद्यापासून जेवणाची सुटी बारा वाजता' एवढाच होता. दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत निम्मे लोक उपाशी उभे.

पण हुकूम चुकला तर निदान गोंधळ होतो आणि गोंधळ सर्वांना दिसतो. वर चढणाऱ्या निरोपाचे तसे नाही. तो वाटेत मेला तर त्याचे प्रेतही सापडत नाही. आता माझी गोष्ट सांगतो.

जुलै महिना होता. आमच्याकडचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. वाळूच्या शेडचे पत्रे एका कोपऱ्यात गळत होते. साच्याची वाळू ही ओलसर असावीच लागते, नाहीतर साचा उभा राहणार नाही. पण ओल प्रमाणाबाहेर गेली की तापलेले लोखंड आत शिरताच पाण्याची वाफ होते. ती वाफ बाहेर पडली नाही तर लोखंडाच्या पोटात पोकळ्या राहतात. आम्ही त्यांना ब्लो-होल म्हणतो. गंमत अशी की, पुष्कळदा वरून कास्टिंग गुळगुळीत दिसते. पुढे कोणीतरी ते लेथवर लावून कातते तेव्हा आतले भोक उघडे पडते.

आमच्याकडे एक वयस्क मोल्डर होते; सारे त्यांना तात्या म्हणत. पहिल्या चौदांपैकी ते एक. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण वाळू मुठीत दाबून, मूठ उघडून, तो गोळा मधोमध मोडून ते तिची ओल सांगत आणि ती प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळे. त्या दिवशी सकाळी त्यांनी गोळा मोडला, तळहाताला चिकटलेली वाळू पाहिली आणि मुकादमाला म्हणाले, "वाळू लई वली हाय. आज वतू नगा. समदा माल जाईल."

मुकादम माझ्याकडे आला. मी तेव्हा सुपरवायझर होतो. तो म्हणाला, "साहेब, तात्या म्हणतायत वाळू ओली आहे, आज थांबलं तर बरं." बघा, 'समदा माल जाईल' हे शब्द पहिल्याच पायरीवर गळाले. मी फोरमनकडे गेलो. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने भट्टी दोन तास थांबवली होती आणि वर्क्स मॅनेजरांनी त्याला साऱ्या शॉपसमोर उभा करून विचारले होते, "पगार घेता तो थांबायचा घेता की चालवायचा?" ते शब्द माझ्या कानांत होते. त्यात मालाची गाडी दुसऱ्या दिवशी निघायची होती. मी फोरमनला म्हणालो, "वाळूत थोडी ओल वाटते आहे, पण लक्ष ठेवतो."

थोडी. लक्ष ठेवतो. हे दोन शब्द माझे. कोणी माझ्याकडून वदवले नाहीत.

फोरमनने मॅनेजरांना काय सांगितले ते मला पुढे कळले: "पावसामुळे वाळूकडे विशेष लक्ष देत आहोत." आणि मॅनेजरांनी मालकांच्या संध्याकाळच्या कागदावर लिहिले, "वाळूची काळजी घेतली जात आहे. उत्पादन ठरल्याप्रमाणे." पाहिलेत? तळाशी जे 'थांबा' होते ते माथ्यावर पोचेपर्यंत 'चालू द्या' झाले होते. आणि या वाटेवर एकही माणूस सरळ खोटे बोलला नव्हता! प्रत्येकाने फक्त एकेक कोपरा गोल केला.

माल गेला. तीन आठवड्यांनी परत आला. दीडशेच्या आसपास पंपाच्या बॉड्या आवारात ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कातलेल्या तोंडावर टाचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी भोके होती. चौकशी झाली. साच्यांवर मोल्डरचा नंबर असतो. त्यातला बराच माल तात्यांच्या हातचा. त्यांना मालकांपुढे बोलावले. मी दाराशी उभा होतो. मालकांनी विचारले, "तात्या, तुम्हीसुद्धा? वाळू ओली आहे हे तुम्हाला कळलं नाही?" तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी बोललो नाही. त्या महिन्यात त्यांचा बोनस कापला गेला.

मी गेलो तो सहाव्या दिवशी. मालकांच्या घरी गेलो, कारण काचेच्या खोलीत जायला धीर झाला नाही. सारे सांगितले. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौदा होतो तेव्हा तात्या मला डब्याच्या वेळी तोंडावर म्हणत, मालक, तुम्हाला यातलं कळत नाही. आज मी त्यांना तीन फुटांवर उभं करून विचारलं तरी ते बोलले नाहीत. हे कधी झालं?" त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते.

आपल्या मराठी माणसाला वाईट बातमी म्हटली की पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली आणि उत्तरेकडे कूच करीत असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी जासुदाचे पत्र पडले. त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सराफी बोलीत सारा अनर्थ लिहिला होता. ती बोली आपण शाळेत शिकलो आहोत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या सावकाराने शब्द झाकले, आकडा झाकला नाही. मोती कोण हे पेशव्यांना क्षणात कळले. आमच्या कारखान्यातली सराफी बोली उलटी आहे. 'लक्ष ठेवतो', 'किरकोळ आहे', 'बघून घेऊ', 'प्रयत्न चालू आहेत' ही आमची मोती-मोहरा. यांत शब्द उघडे असतात आणि नुकसान झाकलेले असते.

कोणी म्हणेल, ही अडाणी ओतशाळेची गोष्ट. शिकल्यासवरल्या ठिकाणी असे होत नसेल. म्हणून जगातल्या अत्यंत विद्वान कारखान्याची गोष्ट सांगतो.

अमेरिकेच्या 'चॅलेंजर' या अंतराळयानाचे उड्डाण २८ जानेवारी १९८६ रोजी ठरले होते. त्याचे बाजूचे अग्निबाण मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवीत असे. बाणाच्या तुकड्यांच्या सांध्यांत रबरी कडी असत. आपल्या पंपाच्या सांध्यात वायसर असतो ना, त्याच जातीच्या, फक्त अवाढव्य. थंडीत रबर कडक होते आणि सांधा वेळेवर धरीत नाही, ही धास्ती कंपनीतल्या इंजिनिअरांना होती. आदल्या वर्षी जानेवारीत, थंडीत झालेल्या एका उड्डाणानंतर, सांध्यातून तप्त वायू निसटल्याच्या काळ्या खुणा त्यांना दिसल्या होत्या. त्यांच्यातले रॉजर बॉइस्जॉली यांनी जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवले होते की, याकडे दुर्लक्ष झाले तर माणसांचे प्राण जातील. म्हणजे येथले तात्या केवळ बोलले नव्हते. त्यांनी कागदावर लिहून दिले होते.

उड्डाणाच्या आदल्या रात्री यूटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशा तीन ठिकाणची माणसे टेलिफोनवर एकत्र आली. थायोकॉलच्या इंजिनिअरांनी सांगितले, तपमान सुमारे बारा अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उडू नका. पहाटे तर गोठणबिंदूच्या खाली जाणार होते. गिऱ्हाईक म्हणजे सरकारी अंतराळसंस्था; तिचे अधिकारी या सल्ल्यावर नाराज झाले. तेव्हा कंपनीने पाच मिनिटे फोन बाजूला ठेवायची परवानगी मागितली. त्या पाच मिनिटांचा जवळजवळ अर्धा तास झाला. इंजिनिअर पुन्हा फोटो दाखवून सांगत राहिले. मग कंपनीतल्या एका बड्या अधिकाऱ्याने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सुचवले की, आता इंजिनिअरची टोपी काढा आणि कारभाऱ्याची घाला. चार कारभाऱ्यांनी आपसांत मत घेतले. इंजिनिअरांना विचारलेच नाही. फोन पुन्हा कानाला लावला आणि कळवले की, उड्डाणाला हरकत नाही. फ्लोरिडातल्या तळावर कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडॉनल्ड होते, त्यांनी त्या कागदावर सही करायला नकार दिला. सही दुसऱ्याने केली.

सकाळी यान उडाले तेव्हा तपमान दोन अंशांच्या आसपास होते. त्र्याहत्तर सेकंदांत ते आकाशात फुटले. आत सात माणसे होती. त्यांतली एक, क्रिस्टा मॅकऑलिफ, शाळामास्तरीण होती आणि तिचे विद्यार्थी ते दृश्य पाहत होते.

पुढे चौकशी-मंडळ बसले. त्याने जे नमूद केले ते वाचून मी पुस्तक मिटले आणि अंगणात जाऊन बसलो. उड्डाणाचा शेवटचा हुकूम देणाऱ्या वरिष्ठांना त्या रात्रीचा वाद, इंजिनिअरांनी आधी दिलेला 'उडू नका' हा लेखी सल्ला, यांतले काही माहीतच नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचले ते एवढेच की, कंपनीची हरकत नाही. वाळूची काळजी घेतली जात आहे. उत्पादन ठरल्याप्रमाणे.

आणि याच संस्थेचे 'कोलंबिया' यान १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना तुटले. त्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळला होता. पंखाचे फोटो अवकाशातूनच घेववा अशी खालच्या इंजिनिअरांची मागणी होती. ती वाटेत विरून गेली. एका अपघाताने शहाणपण येते हा समज तेथेही खरा ठरला नाही.

मग करावे काय? औषध एक नाही. जी मी पाहिली अथवा वाचली त्यांतली काही सांगतो, गुणदोषांसकट.

जपानच्या टोयोटा कारखान्यात मोटारी जोडण्याच्या रांगेवर दोरी टांगलेली असते. कोणाही कामगाराला काही चुकते आहे असे वाटले की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, त्याला ते आंदोन म्हणतात, म्हणजे कागदी कंदील. प्रमुख धावत येतो, आणि तेवढ्या वेळात दोष निस्तरला नाही तर सारी रांग थांबते. या कल्पनेचे मूळ मागावर आहे हे ऐकून इचलकरंजीकरांना बरे वाटेल. मोटारीच्या आधी टोयोडा घराणे माग बनवीत असे, आणि साकिची टोयोडांनी सूत तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला होता. पण दोरी टांगली म्हणजे झाले असे नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे एका अमेरिकन कंपनीचा कारखाना होता; रांग थांबवणे हा तेथे अपराध मानीत. भांडणे आणि गैरहजेरी यांसाठी तो बदनाम झाला आणि १९८२ साली बंद पडला. १९८४ पासून तोच कारखाना टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा चालू झाला. घेतलेले कामगार बहुतेक जुनेच, पण आता दोरी त्यांच्या हाती. आणि त्याच माणसांच्या हातून उत्तम गाड्या बाहेर पडू लागल्या. माणसे बदलली नव्हती. दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस रागावून येतो की मदतीला येतो, हे बदलले होते.

दुसरी गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची. टेलिफोनची यंत्रे बनवणारा हा प्रचंड कारखाना. १९२८ पासून दोनतीन वर्षांत तेथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आरंभी प्रश्नांची यादी घेऊन बसत. लवकरच ध्यानात आले की, यादीतला प्रश्न विचारला तरी कामगार आपल्या मनातल्या गोष्टीवरच येतो. तेव्हा यादी टाकली, आणि मुलाखत घेणाऱ्यांना सांगितले की, तुम्ही ऐका. अर्ध्या तासाची मुलाखत तासा-दीड तासावर गेली. मला यातली यादी टाकण्याची गोष्ट फार आवडते. पण नुसते ऐकूनच घ्यायचे आणि करायचे काही नाही, असे झाले तर दुसऱ्या वर्षी कोणी बोलत नाही. आमच्याकडे सूचनापेटी होती. वर्षाअखेर उघडली तर आत चहाची दोन बिले, एक विडीचे थोटूक आणि 'पेटीला कुलूप कशाला?' अशी एकच सूचना निघाली. सूचना उत्तम होती.

आपल्याकडचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना आणि वसाहत उभी केली. आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. नांगर आणि चरक करणाऱ्या कारखान्याला छापील पत्र काढावेसे वाटले, त्या काळात! पुढे १९२९ साली त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि ते मराठी घराघरांत गेले. वाङ्मयाचा त्यात मोठा लाभ झाला. पण 'खबर' हे नाव मला अधिक प्रिय आहे. साऱ्या महाराष्ट्राने वाचायच्या मासिकात वाळूच्या शेडचा गळका पत्रा येणार नाही. तो 'खबर'मध्येच येऊ शकतो.

आजकाल प्रत्येक कारखान्यात व्हॉट्सॲपचे गट असतात. माझ्या जुन्या कारखान्याच्या गटात मला अजून ठेवले आहे. सकाळी तीनशे माणसांना सुप्रभात होते, मालकांच्या वाढदिवसाला तीनशे हार पडतात. तेथे कोणी 'वाळू ओली आहे' असे लिहील काय? तीनशे माणसांसमोर? तोंडाने एकाला जे सांगवत नाही ते चव्हाट्यावर तर मुळीच सांगवत नाही. यंत्राला मी दोष देत नाही. निरोप एका क्षणात जातो हे खरे. पण आमच्या त्या जुलैत निरोप उशिरा गेला नव्हता, तासाभरात वर पोचला होता. तो पोचला तेव्हा तो तोच राहिला नव्हता, एवढेच.

आमच्या मालकांनी काय केले ते सांगून संपवतो. आधी तात्यांचा कापलेला बोनस दिला आणि तो देताना साऱ्या शॉपसमोर सांगितले की, दोष वरचा होता. माझे नाव घेतले नाही. मीच पुढे होऊन सांगितले. पाय कापत होते. मग त्यांनी ठरवले की, शनिवारी पगाराच्या वेळेआधी एक तास ते वाळूच्या ढिगापाशी बाकावर बसतील, आणि तेथे मॅनेजर, फोरमन, मी, कोणीच थांबायचे नाही. पहिल्या शनिवारी कोणी आले नाही. दुसऱ्या शनिवारी कोणी आले नाही. आम्ही लांबून पाहत होतो. मालक एकटेच बसून बोटांनी वाळू चाळीत होते आणि खरे सांगायचे तर आम्हाला थोडे हसू येत होते. तिसऱ्या शनिवारी एक पोरगेला हेल्पर गेला आणि म्हणाला की, संडासाचा नळ महिनाभर मोडला आहे. सोमवारी सकाळी नळ नवा होता. चौथ्या शनिवारी सातआठ जण होते. तात्या गेले ते दोन महिन्यांनी. ते सर्वांत शेवटी गेले.

दुसरे त्यांनी असे केले की, मोल्डरने 'थांबा' म्हटले तर भट्टी थांबेल, आणि का थांबवली हे त्याच दिवशी मोल्डरच्या स्वतःच्या शब्दांत मालकांच्या कागदावर येईल. मधल्या कोणी ते वाक्य सुधारायचे नाही. या गोष्टीला वर्क्स मॅनेजरांचा विरोध होता आणि तो सर्वस्वी चूक नव्हता. पहिल्या वर्षी भट्टी काही वेळा उगीचच थांबली, कोळसा जळाला, एकदोघांनी सवलतीचा फायदाही घेतला. मालक म्हणत, "हा खर्च मी त्या दीडशे बॉड्यांच्या खात्यात टाकतो."

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी पूजेसाठी कारखान्यात गेलो होतो. आता मालकांचे चिरंजीव पाहतात. माणसे साडेचारशेच्या वर आहेत. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि नवी भट्टी सुरू करायचा मुहूर्त आला. परतीचा पाऊस रात्री पडून गेला होता. एक तरुण मोल्डर, मुलगी होती ती, आयटीआय शिकलेली, वाळूच्या ढिगाकडे गेली, मूठभर वाळू दाबली, मोडली, आणि पाहुण्यांच्या समोर चिरंजिवांना म्हणाली, "साहेब, आज नको. ओली आहे."

फोटोग्राफर तयार होता. चिरंजिवांनी घड्याळाकडे पाहिले, मग तिच्या तळहाताकडे पाहिले, आणि आम्हा पाहुण्यांना म्हणाले, "चला, तोवर चहा घेऊ."